तासन्‌तास नीट चालणारी चॅट-स्क्रिप्ट अचानक का कोसळते : लिबपर्पल आणि लुआ यांच्यातल्या पुलाची दुरुस्ती

लक्षणं साधारण अशी असतात. बॉट संध्याकाळी सुरू केला, चार-पाच जणांनी त्याच्याशी बोलून पाहिलं, सगळं ठीक. सकाळी बघावं तर प्रोसेसच नाही. नोंदींमध्ये शेवटची ओळ ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (थोडक्यात सेगफॉल्ट : नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम मारला गेला), आणि त्याआधी संशय घ्यावा असं काहीही नाही. पुन्हा सुरू केला की पुन्हा चालू. मग कोणीतरी ‘मेला की आपोआप उठव’ अशी सोय सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) करून ठेवतं आणि विषय मिटला असं समजतं. तो मिटत नाही. पुढच्या खेपेला बॉट मरत नाही, भलत्याच माणसाला निरोप पाठवतो.

ज्यांनी लिबपर्पलवर स्वतःचा स्क्रिप्टिंग थर, म्हणजेच हा पूल, चढवला आहे, मग तो लुआ या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेचा असो की पायथनचा, त्यांच्याकडे हा प्रकार कधी ना कधी होतोच. लिबपर्पल म्हणजे पिजिन या चॅट-प्रोग्रामच्या पोटातली लायब्ररी. २००७ मध्ये गेइमचं नाव बदलून पिजिन झालं, तेव्हापासून ती या नावाने ओळखली जाते. टर्मिनलमध्ये चालणारा फिंच आणि मॅकवरचा एडियम हेही तिच्यावरच उभे आहेत. ती सी भाषेत आहे आणि जीलिब या सी-लायब्ररीच्या इव्हेंट लूपवर (घटना येतील तसं एकेक काम करणाऱ्या चक्रावर) चालते. तिच्या सोर्समध्ये ‘नलक्लायंट’ नावाचं एक छोटं उदाहरण आहे, खिडक्या-बटणं काहीही नसलेलं. बहुतेक बॉट तिथूनच जन्माला येतात : नलक्लायंट उचलायचा, त्यात लुआ बसवायची, संदेश आला की लुआचं एक फंक्शन बोलवायचं. एका रविवारचं काम. पुढचं सगळं लिबपर्पलच्या २.क्ष मालिकेबद्दल आणि लुआ ५.१ ते ५.४ बद्दल आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या बिघाडांपैकी बहुतेकांचं मूळ एकच असतं : स्क्रिप्टच्या हातात जी वस्तू दिली, तिचा मालक कोण आणि ती कधी मरते हे पूल लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. लुआचा कचरा-संकलक, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, स्वतःच्या वस्तू सांभाळतो. लिबपर्पलच्या वस्तू त्याच्या मालकीच्या नाहीत, आणि त्या कधी मोडीत निघाल्या हे त्याला कोणी कळवत नाही.

आधी बिघाड मुद्दाम घडवून आणा

आठ तासांनी येणारा बिघाड शोधता येत नाही, आठ सेकंदांत येणारा येतो. म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, घाई करवण्याचं. तपासणीच्या बिल्डमध्ये प्रत्येक कॉलबॅक (घटना घडली की बोलावलं जाणारं फंक्शन) संपल्यावर लुआला पूर्ण कचरा-संकलन करायला लावा. चाल मंदावेल, मंदावू द्या. जी वस्तू एरवी तासाभराने गोळा झाली असती ती आता लगेच जाईल, आणि ती चुकून कोणी धरून ठेवली असेल तर तिथेच पडेल.

दुसरं, पूल आणि शक्य असेल तर लिबपर्पलसुद्धा ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपाइलरची सोय) लावून कंपाइल करा. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत तो आहे. नुसत्या सेगफॉल्टऐवजी मग तीन पत्ते मिळतात : मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि सोडल्यावर कुठे वापरली. यातला मधला पत्ता सोन्यासारखा. तो जर लिबपर्पलच्या कनेक्शन किंवा कॉन्व्हर्सेशन मोडणाऱ्या फंक्शनमध्ये असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. सॅनिटायझर शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड चालेल. मात्र जीलिबची आवृत्ती २.७६ च्या आधीची असेल तर ‘जी-स्लाइस’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘ऑलवेज-मॅलॉक’ ही किंमत द्यायला विसरू नका. जुनं जीलिब लहान तुकडे स्वतःच्या साठ्यातून वाटायचं, त्यामुळे व्हॅलग्रिंडला सोडलेली मेमरी सोडलेली दिसतच नाही. २.७६ मध्ये तो साठा काढून टाकला.

तिसरं, लुआ स्वतः कंपाइल करत असाल तर ‘एपीआय-चेक’चा मॅक्रो चालू ठेवा. लुआच्या स्टॅकवर (सी आणि लुआ यांच्यात किमती देण्या-घेण्याच्या जागेवर) चुकीच्या जागी हात घातला की ती तिथल्या तिथे थांबते. आणि प्रत्येक कॉलबॅकच्या आधी-नंतर स्टॅकची उंची मोजून दोन्ही आकडे सारखे आहेत का ते तपासा. लुआ सी-फंक्शनला २० जागांची हमी देते, त्यापुढे जागा मागून घ्यावी लागते. दर संदेशामागे एक जागा स्टॅकवर राहून जात असेल तर पहिले काही संदेश निमूट जातात आणि नंतर कधीतरी शेजारची मेमरी खराब होते. ‘तासन्‌तास नीट चालतं’ या तक्रारीमागे हेही एक साधं कारण असू शकतं, आणि ते पाच मिनिटांत तपासून होतं.

कनेक्शन तुटलं आणि परत आलं

आता मुख्य आजार. स्क्रिप्ट लिहिणारा लॉगिन झाल्याच्या क्षणी मिळालेलं कनेक्शन एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि पुढे दर वेळी त्याच्यावरूनच निरोप पाठवतो. वरून पाहता यात काहीच वावगं नाही. पण लिबपर्पलमध्ये अकाउंट आणि कनेक्शन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अकाउंट टिकतं. कनेक्शन मात्र नेट गेलं की मोडीत निघतं आणि नेट आलं की नवं बनतं. रात्री लाइट गेली, राउटर बंद पडला, दहा मिनिटांनी लाइट आली, अकाउंट पुन्हा जोडलं गेलं. स्क्रिप्टच्या हातात अजून जुन्या कनेक्शनचा पत्ता. सकाळी पहिला निरोप पाठवायची वेळ आली की सेगफॉल्ट. ऑफिसच्या पक्क्या नेटवर महिनोन्‌महिने न दिसलेला बिघाड घरी एका आठवड्यात दिसतो तो यामुळे.

कॉन्व्हर्सेशनचंही तसंच. ‘या संभाषणात दर तासाला आठवण पाठव’ असा टायमर स्क्रिप्टने लावला, मधल्या काळात संभाषण बंद झालं, टायमर वाजला. बडी-लिस्टमधून कोणाला काढलं, अकाउंटच हटवलं, तरी तीच गत.

आणि कोसळणं हा त्यातला बरा परिणाम. मोकळी झालेली मेमरी मॅलॉक (मेमरी वाटणारी सोय) लगेच दुसऱ्या कोणाला तरी देतो, बऱ्याचदा त्याच आकाराच्या, म्हणजे त्याच जातीच्या वस्तूला. स्क्रिप्टच्या हातातला जुना पत्ता तेव्हा एका जिवंत, पण वेगळ्याच संभाषणाकडे बोट दाखवत असतो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा आहे का ही तपासणी पास होते, सोडलेली मेमरी वापरल्याचा इशाराही येत नाही, आणि सोसायटीच्या पाणीपट्टीची आठवण भलत्याच घरी जाते. म्हणून ‘वापरायच्या आधी पॉइंटर तपासा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. पॉइंटरकडे बघून ती वस्तू कोणती हे कळत नाही.

उपाय लिबपर्पलच्या घरातच सापडतो. तिचा डी-बस (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची लिनक्सवरची सोय) इंटरफेस बाहेरच्या प्रोग्रामला पॉइंटर कधीच देत नाही. दोन हॅश टेबलं ठेवलेली असतात, एक पॉइंटरवरून क्रमांकाकडे नेणारं, दुसरं क्रमांकावरून पॉइंटरकडे. वस्तू तयार झाली की तिची नोंदणी होते आणि तिला चढता क्रमांक मिळतो, वस्तू मोडली की नोंद पुसली जाते. बाहेर जातो तो फक्त आकडा. तिथे पॉइंटर देणं अर्थातच निरर्थक होतं, कारण पलीकडची प्रोसेसच वेगळी. पण लुआ त्याच प्रोसेसमध्ये आहे म्हणून तिला थेट पॉइंटर द्यावा, हा मोह टाळा. एकाच घरात राहतो म्हणून तिजोरीची किल्ली द्यायची नसते.

प्रत्यक्षात करायचं ते असं. लुआच्या युजरडेटामध्ये (सी-कडून लुआला दिलेल्या वस्तूमध्ये) दोनच गोष्टी ठेवा : वस्तूचा प्रकार आणि क्रमांक. क्रमांक चौसष्ट बिटांचा घ्या आणि तो पुन्हा कधीही वापरू नका. स्क्रिप्टने कुठलंही फंक्शन बोलावलं की पुलाने आधी टेबलात क्रमांक शोधायचा. सापडला तर पॉइंटर घेऊन काम करायचं. नाही सापडला तर ‘हे संभाषण आता अस्तित्वात नाही’ अशी लुआची नेहमीची त्रुटी द्यायची, जी स्क्रिप्टला पकडता येईल. नोंद पुसण्यासाठी लिबपर्पलचे सिग्नल (काही घडल्याच्या सूचना) आहेत : संभाषण मोडण्याआधी ‘डिलीटिंग-कॉन्व्हर्सेशन’, कनेक्शन गेल्यावर ‘साइन्ड-ऑफ’, बडी काढल्यावर ‘बडी-रिमूव्ह्ड’, अकाउंटसाठी ‘अकाउंट-डिस्ट्रॉइंग’. या सिग्नलवर चालणारे हँडलर पुलाने स्वतःच्या नावावर, एकदाच, सुरुवातीला जोडायचे. स्क्रिप्टच्या नावावर जोडलेत तर स्क्रिप्ट उतरवताना तेही जातील आणि टेबलात मृत नोंदी साचत राहतील.

कनेक्शनच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे जाईन : ते स्क्रिप्टला देऊच नका. स्क्रिप्टने अकाउंट सांगावं, त्या घडीचं कनेक्शन पुलाने आतल्या आत शोधावं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ‘कनेक्शन’ हा शब्द माहीत असायची गरज नाही.

एक फट मात्र आठवणीने बुजवा. ‘रिसीव्हिंग-आयएम-मेसेज’ या सिग्नलमध्ये संभाषणाचा पॉइंटर रिकामा असू शकतो. एखाद्याचा पहिलाच निरोप येतो तेव्हा संभाषण अजून तयार झालेलं नसतं. अशा वेळी लुआला निल (‘काही नाही’) द्या. तुमच्या चाचणीत हे सापडणार नाही, कारण तुमच्या स्वतःच्या खात्याशी संभाषण आधीपासून उघडं असतं. अनोळखी माणसाने पहिला ‘हॅलो’ टाकला की बॉट आडवा.

कॉलबॅक कोणत्या लुआ-स्टेटवर चालवता?

वरचं सगळं करूनही कोसळतं, आणि बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) लिबपर्पलऐवजी लुआच्या आतली फंक्शनं दिसतात? मग हे बघा.

पुलाचं ‘ऐका’ हे फंक्शन लुआने बोलावलं की त्याला पहिला आर्ग्युमेंट म्हणून लुआ-स्टेट (चालू लुआची अवस्था धरणारी वस्तू) मिळतं. बहुतेक जण तेच स्टेट कॉलबॅकच्या माहितीत साठवून ठेवतात आणि सिग्नल आला की त्याच्यावर फंक्शन चालवतात. स्क्रिप्ट साधी असेल तोवर निभावतं. पण स्क्रिप्टने ‘ऐका’ हे को-रूटीनच्या (मध्येच थांबून पुन्हा चालू होऊ शकणाऱ्या फंक्शनच्या) आतून बोलावलं असेल, तर मिळालेलं स्टेट त्या को-रूटीनचं असतं. को-रूटीन संपलं, संकलकाने ते गोळा केलं, आणि तुमच्याकडे राहिला मेलेल्या स्टॅकचा पत्ता. को-रूटीन संपलेलं नसून नुसतं थांबलेलं असेल तर गंमत आणखी विचित्र होते : तुम्ही त्याच्या स्टॅकवर स्वतःच्या किमती ढकलता आणि ते पुन्हा सुरू झालं की त्याला भलतीच उत्तरं मिळतात. ‘प्रश्न विचार, उत्तर येईपर्यंत थांब’ अशा शैलीत लिहिलेल्या संभाषणांच्या स्क्रिप्ट को-रूटीनवरच चालतात, त्यामुळे चॅट-बॉटमध्ये हा प्रसंग हमखास येतो.

उपाय एका ओळीचा. कॉलबॅक नेहमी मुख्य स्टेटवर चालवा. लुआ ५.२ पासून ते रजिस्ट्रीत (सी-कोडसाठी राखलेल्या लुआच्या टेबलात) ठरलेल्या जागी मिळतं. ५.१ मध्ये ते सुरुवातीलाच आपल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवून द्यावं लागतं. कॉलबॅकचं फंक्शन रजिस्ट्रीत संदर्भ म्हणून ठेवलं असेल तर काही बदलायला नको, कारण रजिस्ट्री सगळ्या को-रूटीनना सामाईक असते. को-रूटीन स्वतःच साठवायचं असेल तर त्याचाही संदर्भ रजिस्ट्रीत ठेवा, नुसता पत्ता नको. आणि जो संदर्भ घेतला तो हँडलर काढताना परत करा, नाहीतर मेमरी हळूहळू फुगत जाते.

त्रुटी झाली की नोंदही न ठेवता गायब, किंवा ॲबॉर्ट

लुआची त्रुटी सी-मध्ये लाँगजंपने, म्हणजे मधली फंक्शनं अर्ध्यावर सोडून, उडी मारते. कॉलबॅक ‘पी-कॉल’ने, म्हणजे संरक्षित पद्धतीने, बोलावला नसेल आणि वर कुठेच संरक्षण नसेल, तर लुआ पॅनिक करून प्रोसेस संपवते. हे दिसतं, म्हणून सापडतं.

न दिसणारी तऱ्हा वेगळी. स्क्रिप्टने निरोप पाठवला. त्या कामात लिबपर्पलने आतल्या आत ‘सेंडिंग-आयएम-मेसेज’ सिग्नल सोडला. त्यावर याच स्क्रिप्टचा दुसरा हँडलर आहे आणि त्याच्यात त्रुटी झाली. आता वर संरक्षण आहे, पहिल्या कॉलचं. उडी थेट तिथे जाते. मधल्या सगळ्या लिबपर्पलच्या फ्रेम्स अर्ध्यावर टाकून. त्यांनी घेतलेली मेमरी सुटत नाही, चालू असलेलं काम पूर्ण होत नाही. प्रोग्राम चालू राहतो, पण आतून खिळखिळा. नंतर तासाभराने तो कुठेतरी असंबद्ध जागी पडतो आणि बॅकट्रेस बघून काहीच बोध होत नाही.

म्हणून नियम असा की लिबपर्पलकडून लुआकडे जाणारा प्रत्येक कॉल संरक्षितच हवा, वर संरक्षण असो वा नसो. त्रुटी पुलाच्या सीमेवर पकडायची, ट्रेसबॅकसकट नोंदवायची आणि लिबपर्पलला शांतपणे ‘काही नाही’ म्हणून परत जायचं. उलट दिशेलाही तोच विचार : लुआने बोलावलेल्या सी-फंक्शनमध्ये सगळे आर्ग्युमेंट आधी तपासा, मेमरी नंतर घ्या. आर्ग्युमेंट तपासणारी फंक्शनंही लाँगजंपच करतात. आधी स्ट्रिंग घेतलीत आणि मग तपासणी फसली, की ती स्ट्रिंग गेली.

रीलोड केल्यावर बॉट दोनदा उत्तर देतो

स्क्रिप्टची जुनी प्रत मेलेली नाही, एवढाच याचा अर्थ. फाइल पुन्हा चालवली, नवे हँडलर जोडले गेले, जुने तसेच राहिले. जुनं फंक्शन रजिस्ट्रीत जिवंत आहे, त्यामुळे दुरुस्त केलेला बगसुद्धा जुन्या प्रतीतून उत्तर देत बसतो. डेव्हलपर मग वेड्यासारखा फाइल तपासतो आणि फाइलमध्ये तो बग नसतोच.

लिबपर्पलमध्ये हँडलर जोडताना ‘हँडल’ नावाचा एक पॉइंटर द्यावा लागतो आणि त्या हँडलचे सगळे सिग्नल एका फंक्शनने सोडवता येतात. प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःचं हँडल द्या. स्क्रिप्टच्या माहितीच्या स्ट्रक्चरचा पत्ता त्यासाठी पुरेसा असतो. सगळ्या स्क्रिप्टना मिळून एकच हँडल दिलंत तर एक उतरवली की सगळ्या बहिऱ्या होतात. टायमर आणि चॅटमधल्या स्लॅश-कमांड या हँडलने सुटत नाहीत, त्यांची यादी वेगळी ठेवावी लागते. उतरवण्याचा क्रम : सिग्नल, टायमर, कमांड, मग रजिस्ट्रीतले संदर्भ, आणि लुआ-स्टेट बंद करणं सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की पिजिन किंवा बॉट बंद करताना कोसळतो. ‘बंदच तर करत होतो’ म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि जतन व्हायची सेटिंग्ज वाऱ्यावर जातात.

आता खास चॅट-बॉटचा रोग. ‘!रीलोड’ असा निरोप पाठवला की बॉटने स्वतःची स्क्रिप्ट पुन्हा चढवावी, ही सोय प्रत्येकाला हवी असते आणि ती जवळजवळ प्रत्येकाची एकदा तरी फसते. कारण तो निरोप आला आहे याच स्क्रिप्टच्या हँडलरमध्ये. तिथून तुम्ही ती स्क्रिप्ट उतरवता, म्हणजे सी-च्या स्टॅकवर जी लुआ अजून चालू आहे तीच बंद करता. शिवाय लिबपर्पल त्या घडीला हँडलरच्या यादीतून फिरत असते. पुढच्या हँडलरचा दुवा तिने आधीच हातात घेतलेला असतो. स्वतःलाच काढलं तर चालून जातं, पण त्याच स्क्रिप्टचा पुढचा हँडलरही त्याच झटक्यात काढला तर लिबपर्पल मोकळ्या मेमरीत पाय टाकते. त्यामुळे एक हँडलर असलेली स्क्रिप्ट रीलोड होते आणि दोन असलेली कोसळते, असा चक्रावून टाकणारा अनुभव येतो.

हँडलरमधून फक्त ‘रीलोड करायचं आहे’ अशी खूण करा आणि खरं काम शून्य मिलिसेकंदांच्या टायमरवर टाका. इव्हेंट लूपची चालू फेरी संपली, स्टॅक रिकामा झाला, मग तो टायमर वाजेल. स्क्रिप्टला स्वतःला किंवा दुसऱ्या स्क्रिप्टला काढण्याची जी काही फंक्शनं देत असाल, ती सगळी याच मार्गाने पाठवा.

निरोप येतच नाहीत, किंवा कापून निघतात

कोसळत नाही पण छळतात अशा काही गोष्टी आहेत.

‘रिसीव्हिंग-आयएम-मेसेज’च्या हँडलरने ‘होय’ परत दिलं की लिबपर्पल तो निरोप टाकून देते. स्पॅम अडवायला ही सोय आहे. पण लुआमध्ये शून्य हेही ‘होय’च असतं, फक्त निल आणि फॉल्स हे ‘नाही’. सी किंवा पायथनची सवय असलेला माणूस शेवटी ‘रिटर्न ०’ लिहितो आणि आलेला प्रत्येक निरोप गिळला जातो. मी इथे पुलातच कडक राहण्याच्या बाजूने आहे : फक्त खरं बूलियन ‘ट्रू’ आलं तरच निरोप अडवा, बाकी काहीही आलं तर जाऊ द्या आणि नोंदीत इशारा टाका.

याच सिग्नलमध्ये पाठवणारा आणि मजकूर हे बदलता येतात, कारण तिथे स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंगच्या पॉइंटरचा पॉइंटर मिळतो. लुआने नवा मजकूर दिला की तोच पत्ता तिथे चिकटवून देणं ही हमखास सापडणारी गफलत. लुआच्या स्ट्रिंगची मेमरी लुआची. लिबपर्पल ती नंतर ‘जी-फ्री’ने सोडायला जाते आणि मॅलॉक किंचाळतो. जुनी स्ट्रिंग ‘जी-फ्री’ करा, नव्याची ‘जी-स्ट्रडप’ने प्रत काढा, ती तिथे ठेवा.

मजकूर साधा नसतो हेही ध्यानात असू द्या. लिबपर्पलमध्ये निरोप एचटीएमएलच्या रूपात फिरतात. समोरच्याच्या क्लायंटने फाँट पाठवला असेल तर ‘!मदत’ची तुलना ‘!मदत’शी जुळत नाही. कमांड ओळखण्यापूर्वी टॅग काढणारं फंक्शन वापरा आणि पाठवताना कोनी कंस व अँपरसँड एस्केप करा. स्क्रिप्टला दोन्ही द्या, मूळ मजकूरही आणि साफ केलेलाही.

आणि मराठीत बोलणाऱ्या बॉटसाठी सगळ्यात महत्त्वाचं. लुआची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. ‘नमस्कार’ची लांबी ती २१ सांगते, कारण यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं आणि ‘नमस्कार’मध्ये हलंत आणि काना धरून ७ चिन्हं. लांब निरोप तोडायला कोणी ‘पहिले १० बाइट’ घेतले तर न, म, स हे ९ बाइटांत बसतात आणि दहावा बाइट हलंताचा एक तृतीयांश तुकडा असतो. तो मजकूर आता यूटीएफ-८ राहिलेला नाही. एक्सएमपीपी या चॅट-प्रोटोकॉलमध्ये सगळा संवाद एका एक्सएमएल स्ट्रीममधून चालतो. असा बाइट आत गेला की सर्व्हर तो निरोप नाकारत बसत नाही, स्ट्रीमच बंद करून टाकू शकतो. कनेक्शन तुटतं, अकाउंट पुन्हा जोडलं की नवं बनतं, आणि स्क्रिप्टने जुन्या कनेक्शनचा पॉइंटर धरलेला असेल तर दुसऱ्या भागातला सेगफॉल्ट. इंग्रजीत चाचणी केली तर यातलं काहीही होत नाही. ‘फक्त लांब मराठी उत्तर दिलं की बॉट मरतो’ अशी तक्रार आली तर ही साखळी आधी तपासा.

पुलातून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर जीलिबच्या यूटीएफ-८ तपासणीतून जाऊ द्या आणि फसला तर स्क्रिप्टला त्रुटी द्या. लिबपर्पलमध्ये खराब बाइटांच्या जागी प्रश्नचिन्ह घालणारं फंक्शनही आहे, पण ते बाहेरून आलेल्या मजकुरासाठी ठीक. आपल्या स्क्रिप्टचा दोष प्रश्नचिन्हाखाली झाकू नये. तोडण्यासाठी लुआ ५.३ पासूनची यूटीएफ-८ लायब्ररी वापरता येते, तिच्यात ‘नमस्कार’ची लांबी ७ येते. पण चिन्हांच्या सीमेवर तोडलं तरी ‘नमस्’ एका निरोपात आणि ‘कार’ दुसऱ्यात जाऊ शकतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, वाचायला हास्यास्पद. मोकळ्या जागेवर तोडा.

बॉट दर काही वेळाने ‘ऑफलाइन’ होऊन परत येत असेल आणि मजकुरात दोष नसेल, तर स्क्रिप्टमध्ये थांबून राहणारं काम शोधा. हवामान आणायला केलेली वेब-विनंती, मोठी फाइल वाचणं, झोपण्याचं फंक्शन. लिबपर्पल एका थ्रेडवर, एका लूपवर चालते. स्क्रिप्ट थांबली की सगळंच थांबतं, सर्व्हरच्या पिंगला उत्तर जात नाही. यावर वेगळ्या थ्रेडमधून लिबपर्पलला हाक मारणं हा उपाय नाही, ती थ्रेड-सुरक्षित नाही. काम बाहेर करा, निकाल मात्र मुख्य लूपवर परत आणा.

पूल वाढवताना

एक सिग्नल झाला, दोन झाले, की दहा हवे होतात. दर सिग्नलसाठी वेगळं सी-फंक्शन लिहायला बसू नका. लिबपर्पलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या आर्ग्युमेंटचे प्रकार विचारता येतात आणि सगळे आर्ग्युमेंट एका ‘व्हीए-लिस्ट’मध्ये (सी-मधल्या आर्ग्युमेंटच्या यादीत) देणारी जोडणीही आहे. पिजिनचे पर्ल आणि टीसीएल लोडर असेच बांधलेले होते. एकच सर्वसाधारण कॉलबॅक लिहायचा : प्रकार विचारा, त्या प्रकाराने व्हीए-लिस्टमधून किंमत उचला, स्ट्रिंग असेल तर स्ट्रिंग ढकला, वस्तू असेल तर टेबलातला क्रमांक. ‘बदलता येण्याजोगा’ असा शिक्का असलेला आर्ग्युमेंट पॉइंटरच्या पॉइंटरने येतो, तो वेगळा हाताळा. प्रकार नेमका उचला. चौसष्ट बिटांची किंमत साध्या इंटने उचलली तर लॅपटॉपवर कदाचित खपून जाईल, बत्तीस बिटांच्या रास्पबेरी पायवर त्यापुढचे सगळे आर्ग्युमेंट सरकतील.

नवी फंक्शनं उघडताना प्रत्येकासाठी दोन प्रश्न कागदावर लिहून काढा : परत मिळणारी स्ट्रिंग मी सोडायची की लिबपर्पलने, आणि परत मिळणारी यादी माझी की तिची. हेडरमधल्या ‘कॉन्स्ट’वरून बराचसा अंदाज येतो, पण यादीच्या बाबतीत तोही फसवतो : यादी तुमची आणि आतल्या वस्तू तिच्या, असं सर्रास असतं. हेडर वाचून आपोआप शेकडो फंक्शनं काढणारा जनरेटर याच ठिकाणी माती खातो. वीस फंक्शनं हाताने लिहिलेली मला जास्त भरवशाची वाटतात. बॉटला त्याहून जास्त क्वचितच लागतात.

लिबपर्पलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जायचा विचार असेल तर तिथे वस्तू जीऑब्जेक्ट (जीलिबच्या, स्वतःचे संदर्भ मोजणाऱ्या वस्तू) झाल्या आहेत. संदर्भ-मोजणी आणि दुबळे संदर्भ (वस्तूला जिवंत न ठेवणारे) आयते मिळतात, त्यामुळे टेबलाचं काम हलकं होतं. मात्र जो संदर्भ धरलात तो वस्तूला जिवंत ठेवतो, उपयोगी ठेवत नाही. तुटलेलं कनेक्शन हातात धरून बसलात तर सेगफॉल्ट येणार नाही, निरोपही जाणार नाही. आधी कोसळून तरी कळत होतं. तिथेही कनेक्शन स्क्रिप्टला न देण्याचा नियम सोडू नका, आणि रीलोड टायमरवरूनच करा.